मागच्या दारची वल्ली

सप्टेंबरच्या मध्यावर आमच्याकडे पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला घर नंबर सांगावा लागत नाही. गाडीचं दार उघडलं की एक गोड, जरासा उग्र, नाकात शिरून ठाण मांडणारा वास येतो. त्याच्या मागोमाग चालत राहायचं. तो जिथे अगदी अंगावर येईल ते आमचं मागचं अंगण. तिथे लोखंडी पाइपांच्या मांडवावर कॉन्कर्ड पसरली आहे. घर विकणारे आजोबा इटालियन होते. मांडव त्यांचा, वेलही त्यांनीच लावलेली. किल्ल्या हातात देताना त्यांनी बॉयलर, गटार, छप्पर यांबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाले, हिला दरवर्षी छाटा, नाहीतर ही घर ताब्यात घेईल. न्यू जर्सीच्या जुन्या इटालियन वस्त्यांत असे मांडव अजून दिसतात. म्हातारे गेले, मुलं शहरात गेली, वेली मात्र नव्या मालकांना सांभाळून घेत जागच्या जागी आहेत.

कॉन्कर्ड हे अमेरिकेतलं गावरान द्राक्ष. थॉम्पसन सीडलेसवर वाढलेल्या माणसाला तिच्याशी पहिली गाठ जड जाते. मणी काळानिळा, वर पांढरट मेणचट थर. बोटाने पुसला की खालचा काळाभोर रंग दिसतो. तोंडात टाकून दाबलं की भिजवलेलं बिरडं सोलताना दाणा चिमटीतून सटकतो तसा गर सालीतून सुळकन बाहेर येतो आणि साल जिभेवर एकटी राहते. गोडवा सगळा सालीला चिकटून. गराच्या पोटात, बियांभोवती, आंबटपणा दडलेला. बिया गिळाव्यात की थुंकाव्यात हे ठरेपर्यंत दुसरा मणी तोंडात गेलेला असतो. साल चावली तर तुरट लागते. एका मण्यात तीन चवी, आणि तिन्ही एकमेकींशी न बोलणाऱ्या.

आणि तो वास. त्यामागचं मुख्य रसायन मिथाइल अँथ्रानिलेट. अमेरिकेत ‘ग्रेप’ नावाची जी जांभळी गोळी, जांभळं सरबत, जांभळं च्युइंगगम मिळतं, त्या सगळ्यांनी हाच वास उचललेला आहे. वाईनचे जाणकार तो आला की नाक मुरडतात, कोल्ह्याचं नाव घेऊन त्याची हेटाळणी करतात. गंमत म्हणजे शेतातून पक्षी हुसकवायलाही हेच रसायन फवारतात. आमच्या अंगणातल्या रॉबिन पक्ष्यांपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

आई निफाडकडची. सहा महिन्यांसाठी आली होती. मांडवाखाली उभी राहून तिने एक मणी तोंडात टाकला आणि निकाल दिला, “अगं, ही तर आपली बंगलोरी!” तिचं फारसं चुकलं नव्हतं. पुण्या-मुंबईच्या हातगाड्यांवर मिळणारी जाड सालीची, बियांची, काळी बंगलोर ब्लू म्हणजे मूळची इझाबेला. तीही अमेरिकी रक्ताची, कॉन्कर्डची जवळची नातेवाईक. गोव्यात गोड पोर्ट वाईन प्यायलेल्या मराठी माणसाने हा वास बहुधा घेतलेला असतोच, फक्त त्याला त्याचं कूळ माहीत नसतं.

कूळ सांगते. इफ्राइम वेल्स बुल हा बॉस्टनचा सोन्याचा वर्ख ठोकणारा कारागीर. मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावी येऊन राहिला आणि द्राक्षांच्या नादी लागला. युरोपातल्या वेली तिथल्या थंडीत आणि रोगराईत तग धरत नव्हत्या. रानटी वेली तग धरायच्या, पण फळ खाण्याजोगं नसायचं. बुलने रानटी वेलींच्या बिया लावायच्या, रोपं वाढवायची, नापसंत ती उपटायची, असं वर्षानुवर्षं केलं. हजारो रोपांतून त्याला हवं तसं एक मिळालं. १८४९ साली त्याला फळ आलं, १८५३ मध्ये ते प्रदर्शनात मांडलं, पुढच्या वर्षी रोपं विक्रीला निघाली. किंमत पाच डॉलर, त्या काळी भरपूरच. पण द्राक्षाची काडी एकदा हातात आली की तिची शंभर रोपं करायला कुणाची परवानगी लागत नाही. रोपवाटिकावाल्यांनी ती केली, पैसा त्यांच्या खिशात गेला आणि बुल १८९५ मध्ये गरिबीत मेला. पेरलं त्याने, कापलं इतरांनी, या अर्थाचा मजकूर त्याच्या थडग्यावर कोरलेला आहे. जगात जिथे म्हणून कॉन्कर्ड आहे तिथे तिची काडी शेवटी बुलच्या त्या एका वेलीपर्यंत जाऊन पोचते. म्हणजे आमच्या मांडवावरची बाई वयाने पावणेदोनशेच्या घरात आहे. तिच्या वागण्यात तो तोरा आहेच.

छाटणी मार्चच्या सुरुवातीला, बर्फ वितळत असताना. त्या वेळी आई निफाडला होती आणि व्हिडिओ कॉलवर होती. मी चार काड्या कापून थांबले की तिकडून आवाज यायचा, “आणखी काप. अजून काप. दोन डोळे ठेव फक्त. तिला दुखत नाही, तुलाच दुखतंय.” कॉन्कर्डची आदल्या वर्षीची वाढ जवळजवळ नव्वद टक्के काढून टाकायची असते, कारण घड येतात ते आदल्या वर्षीच्या काडीवरच्या डोळ्यांतून फुटलेल्या नव्या फुटीवर. जुनं लाकूड नुसता खांब. मग ऊन वाढलं की छाटलेल्या टोकांतून थेंब थेंब पाणी गळायला लागतं. दोन-चार दिवस मांडवाखाली चालताना डोक्यावर टपटप होत राहतं. आईला याचं काही वाटलं नाही. तिला आश्चर्य दुसऱ्याच गोष्टीचं. “एकदाच छाटायची? आणि डोळे फुटायला पेस्ट नाही लावायची?” तिकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट. नाशिकच्या वेलीला झोप माहीत नाही, तिला माणसं आळीपाळीने जागं ठेवतात. इथे डोळे एकसारखे फोडण्याचं काम थंडी फुकट करते. आई काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “सुखी आहे बाई.”

मी तेव्हा तिला डॉगरीजबद्दल विचारलं. नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागायतदाराला हा शब्द घरचा आहे. पाणी खारवट, जमीन चुनखडीची, म्हणून डॉगरीजचा खुंट लावायचा आणि त्यावर थॉम्पसनचं किंवा तिच्या पोटजातीचं कलम करायचं. आईच्या बागेचा प्रत्येक खुंट डॉगरीजचा. पण डॉगरिज हे टेक्सासमधल्या बेल काउंटीतल्या एका जागेचं नाव आहे आणि तिथली रानवेल टॉमस मन्सन नावाच्या माणसाने हेरली, हे तिला माहीत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून गेलेल्या फिलॉक्सेरा नावाच्या, मुळांतला रस शोषणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हा त्या पुन्हा उभ्या राहिल्या त्याही अमेरिकी रानवेलींच्या खुंटांवर. त्या कामात मन्सनचा वाटा होता आणि फ्रेंच सरकारने त्याचा सन्मानही केला. बोर्दोच्या नावाने डोळे मिटून घुटका घेणाऱ्यांना ज्या गावंढळ घराण्याच्या वासाचा तिटकारा, त्याच घराण्याच्या मुळांवर त्यांची बहुतेक बाग उभी आहे. हे कुणी पार्टीत फार बोलत नाही.

वाईन करायची ही कल्पना नवऱ्याची. मेहनत माझी. “दारूच ना?” असं आईने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मोठी पातेली काढून दिली. २०२२ साली महाराष्ट्र सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायचं ठरवलं, तेव्हा वाईन म्हणजे दारू की नाही यावर आपल्याकडे जी जुंपली होती, ती आमच्या स्वयंपाकघरात एवढ्यावर मिटली.

घड कधी उतरवायचे हे कॉन्कर्ड सांगते, कॅलेंडर नाही. मणी काळे दिसायला लागतात त्यानंतरही बरेच दिवस ते आंबट असतात. रंग ही तिची थाप आहे. बी दाताखाली फोडून पाहायची. हिरवी असेल तर थांबायचं, तपकिरी, कुडकुडीत झाली तर तयारीला लागायचं. थांबण्याला पर्याय नाही, कारण द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंबा आढीत घालून वाढलेल्या आपल्या माणसांना हे पटायला वेळ लागतो. आणि थांबावं तर वाटेकरी टपलेले. रॉबिन, रॅकून, गांधीलमाश्या. शिवाय स्पॉटेड लँटर्नफ्लाय. हा राखाडी पंखांचा, आत लालभडक असलेला किडा आशियातून आला, २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडला, तिथून न्यू जर्सीत पसरला. वेलीचा रस शोषतो. दिसला की चिरडा, असं खुद्द राज्य सरकारच सांगतं. आईने या सरकारी आदेशाचं इतकं मनापासून पालन केलं की तिच्या चपलांचे तळवे शेवटपर्यंत चिकट राहिले.

सकाळी दव वाळल्यावर घड कात्रीने उतरवले. कॉन्कर्डचे मणी देठाला हलकेच धरून असतात. पिकल्यावर घड जरा हिसकला तर निम्मे मणी खाली. दोन बादल्या भरल्या. वाईनच्या एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, सहा-सात किलो द्राक्षं लागतात. आमचा बेत दोन गॅलनचा.

मग देठं काढायची. हे काम बायकांना जमवून गप्पा मारत करण्याचं आहे, एकटीने करण्याचं नाही. देठाचा कडवटपणा वाईनमध्ये उतरतो म्हणून एकही राहू द्यायचं नाही. मणी हातानेच कुस्करले. बिया मात्र फुटता कामा नयेत, म्हणून मिक्सरला बंदी. हात कोपरापर्यंत जांभळे झाले आणि साबण लावल्यावर चक्क निळे, मग हिरवट. सालीतला रंग आंबटात लाल असतो, साबणाच्या क्षारात निळा होतो. आई घाबरून म्हणाली, “तुला बाधलं की काय हे?” लिंबू चोळलं, हात परत लाल.

रसात हायड्रोमीटर सोडला तेव्हा कॉन्कर्डचं पितळ उघडं पडलं. एवढा घमघमाट, एवढा रंग, आणि साखर १६ ब्रिक्स. वाईनच्या द्राक्षाला २२ ते २४ लागते. १६ वर जी वाईन होते ती पाणचट, आंबट आणि लवकर बिघडणारी. म्हणून साखर घालायची. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखरेचा एक टक्का अल्कोहोल होतो, असा ठोकताळा आहे. आम्ही लिटरमागे ७० ग्रॅम घातली आणि काटा २१ च्या आसपास आणला. कोणी याला भेसळ म्हणेल. कॉन्कर्डला साखर घालणं ही इथल्या घरोघरची रीत आहे आणि पेक्टिक एन्झाइम घालणंही, कारण हिच्यात पेक्टिन इतकं की रस जेलीच व्हायला बघतो. नंतर जंगली यीस्ट आणि जिवाणूंना आवर घालायला चिमूटभर पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. एक दिवस झाकून ठेवलं आणि मग ७१-बी नावाचं यीस्ट कोमट पाण्यात जागवून सोडलं. हे यीस्ट मॅलिक आम्लाचा काही भाग खाऊन टाकतं, म्हणून आंबट द्राक्षांसाठी लोक ते निवडतात.

पहिला दिवस काही नाही. मी झाकण उघडून बघायची, बंद करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात शिरले तर बादली बोलत होती. हो, बोलत होती. बारीक, अखंड सरसर, मधूनच एक फुसकारा. साली सगळ्या वर येऊन त्यांचा जाड थर झाला होता, भेगाळलेला, फेसाळ, आणि त्या भेगांतून वायू बाहेर पडत होता. हा थर दिवसातून दोनदा खाली दाबायचा, नाहीतर वर कोरडा पडून आंबतो, व्हिनेगरची माशी त्यावर येते आणि खाली रंग उतरत नाही. दाबायला आईने रवी घेतली, मी ती काढून घेतली, लाकडी लांब कलथा दिला. दाबला की थर बुडतो, क्षणभर निमूट राहतो आणि मग दुप्पट फेस करून उसळतो. नाक जवळ नेलं तर वायूचा असा झणका की डोळ्यांत पाणी. हे काम बंद खोलीत करू नये. साखरेचं जवळजवळ निम्मं वजन या वायूच्या रूपाने उडून जातं. याच कारणाने उमेदवारीच्या काळातली वाईन घट्ट बुचाच्या बाटलीत भरणारे लोक पुढे भिंतीवरचे डाग दाखवत बसतात.

आठवड्याने जोर ओसरला. रस गाळून, चोथा मलमलीत पिळून, सगळं काचेच्या कार्बॉयमध्ये गेलं. तोंडावर एअरलॉक, म्हणजे पाण्याचा फास असलेली छोटी नळी. आतला वायू बाहेर येतो, बाहेरची हवा आत जात नाही. त्या दिवसापासून घरात एक नवीन माणूस राहायला आलं. ‘बुडुक’ करायचं. थांबायचं. परत ‘बुडुक’. दुपारी झपाझप, पहाटे गारठ्यात सावकाश. पाहुणे आले की जास्तच. ऑक्टोबरात आई परत गेली. ती फोनवर माझ्याआधी वाईनची चौकशी करायची, “बोलते का अजून?”

आता जी गोष्ट मला कॉन्कर्डबद्दल सगळ्यात गमतीची वाटते ती सांगते. अमेरिकेभर हिचं नाव झालं ते वाईन न होण्यामुळे. न्यू जर्सीतच, आमच्यापासून दक्षिणेला, व्हाइनलंड नावाचं गाव आहे. ते १८६१ मध्ये वसलंच दारूबंदीच्या अटीवर. तिथला दंतवैद्य टॉमस वेल्च कट्टर मेथडिस्ट. चर्चमध्ये प्रभूभोजनाला वाईन वापरावी लागते याची त्याला टोचणी. लुई पाश्चरने नुकतंच दाखवून दिलं होतं की वाईन यीस्ट बनवतं आणि उष्णतेने ते मरतं. वेल्चने ते उलट बाजूने वापरलं. १८६९ साली त्याने कॉन्कर्डचा रस बाटल्यांत भरून उकळत्या पाण्यात ठेवला आणि आंबणं थांबवलं. त्यातून पुढे अमेरिकेचा द्राक्षरसाचा धंदा उभा राहिला. एका बाजूला कॉन्कर्डला आंबू न देण्याची शपथ घेतलेले मेथडिस्ट, दुसऱ्या बाजूला सणासुदीला तिचीच गोड कोशर वाईन ओतणारी ज्यू कुटुंबं. दोघांच्या टेबलावर ही एकच बाई. १९२० ते १९३३ दारूबंदी होती तेव्हा कायद्यातल्या एका पळवाटेने घरी फळांचा रस करायला मोकळीक होती. इटालियन वस्त्यांत कॅलिफोर्नियाच्या द्राक्षांचे डबेच्या डबे रेल्वेने यायचे आणि तळघरात त्याचा ‘रस’ व्हायचा. आज संघराज्याचा कायदा एकट्या प्रौढ माणसाच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन वाईन करू देतो. अट एकच, विकायची नाही. आम्ही त्या मर्यादेच्या जवळपासही नव्हतो.

डिसेंबरात ‘बुडुक’ बंद झालं. तळाला करड्या-जांभळ्या गाळाचा बोटभर थर. नळीने वरचं नितळ अलगद दुसऱ्या कार्बॉयमध्ये काढलं आणि ते गॅरेजच्या गारठ्यात ठेवलं. थंडीने काचेला आतून चमचमते खडे धरले. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे. केक करणाऱ्यांच्या डब्यात असतं ते क्रीम ऑफ टार्टर हेच. तेवढा आंबटपणा खाली बसला. कॉन्कर्ड पहिल्यांदा काहीतरी सोडून द्यायला तयार झाली.

वसंतात बाटली उघडली. रंग असा की ग्लासमागची खिडकी दिसत नाही. नाकाला तोच वास, पण अंगावर धावून न येता. चव कोरडी, आंबटाकडे झुकलेली, शेवटी जिभेवर सालीचा तुरटपणा. हिला चीज, मेणबत्त्या आणि मंद संगीत मानवत नाही. तिखटाशी मात्र जमतं. खिम्याबरोबर आम्ही प्यायलो तेव्हा ती पहिल्यांदा घरातली वाटली. इथल्या वाईन क्लबातल्या एका गृहस्थांनी एक घुटका घेऊन अतिशय सौजन्याने “इंटरेस्टिंग” म्हटलं. शेजारच्या इटालियन आजींनी ग्लास रिकामा केला, परत पुढे केला आणि म्हणाल्या, साखर थोडी कमी घातलीस. माझ्या लेखी दुसरा अभिप्राय खरा.

तर अंगणात कॉन्कर्ड असेल तर वाईन करा. आम्ही साल आठवडाभर ठेवली, तुम्ही चार-पाच दिवसांहून जास्त ठेवू नका, वास आटोक्यात राहील. भांडी मेटाबायसल्फाइटच्या पाण्याने धुऊन घ्या आणि बाटलीत भरायच्या आधी पुरतं निवळू द्या. उंची फ्रेंच वाईनची अपेक्षा धरू नका, ती तसं वचन देत नाही. हे सगळं अर्थातच इथल्या वाचकांसाठी. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी वाईन करणं महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली गुन्हा आहे. निफाडच्या लोकांनी द्राक्षं खावीत, आणि उरलीच तर बेदाणे करावेत.